चालल्याने गुडघा झिजतो, हा समज आधी सोडा

सोसायटीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याबाहेरच्या रांगेत एक सल्ला हमखास ऐकू येतो. "गुडघे झिजलेत ना? मग चालणं कमी करा. जेवढं चालाल तेवढे आणखी झिजतील." सल्ला देणारा बहुधा आपलाच माणूस असतो आणि मनापासून बोलत असतो. तरीही गुडघेदुखी असलेल्या वयस्कर माणसाचं मोठं नुकसान याच वाक्याने होतं.

हे नुकसान हळूहळू होतं, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. एक्स-रे काढला जातो, 'गॅप कमी झाली' असं कळतं. आधी सकाळचा फेरफटका बंद होतो. मग भाजी सून आणू लागते, कोपऱ्यावरच्या देवळात जायलाही रिक्षा बोलावली जाते. "आई, तुम्ही उठू नका, मी देते," हे प्रेमानेच म्हटलं जातं. काही महिन्यांत मांड्या बारीक होतात, वजन वाढतं, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो आणि गुडघा पूर्वीपेक्षा जास्त दुखतो. मग सगळे म्हणतात, "बघा, झीज वाढली." खरं तर अनेकदा झीज होती तेवढीच असते. वाढलेला असतो तो अशक्तपणा, आणि तो विश्रांतीने आलेला असतो.

हे दुखणं थोड्याथोडक्यांचं नाही. 'इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स'मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या पाच ठिकाणच्या पाहणीत २८.७ टक्के लोकांमध्ये गुडघ्याचा झिजेचा संधिवात आढळला. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा गावातही सांध्यांची आणि स्नायूंची दुखणी ही मोठी तक्रार असल्याचं दिसलं. इतक्या लोकांना चुकीचा सल्ला मिळत राहणं परवडणारं नाही.

चुकीचं मूळ एका उपमेत आहे. गुडघा म्हणजे यंत्राचा भाग, वापरला की झिजतो, वंगण संपलं की खडखडतो, असं चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण यंत्राचा भाग स्वतःची डागडुजी करत नाही, जिवंत सांधा ती सतत करत असतो. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की कूर्चेवर दाब पडतो, उचललं की दाब सुटतो, आणि या दाबण्या-सुटण्यातून द्रवाची ये-जा होते. सांधा हललाच नाही तर ही ये-जा मंदावते. 'वंगण संपलं' म्हणून चालणं थांबवणारा माणूस ज्या गोष्टीने वंगण खेळतं तीच बंद करत असतो.

आजारात फक्त कूर्चाच बिघडते असंही नाही. सांध्याचं अस्तर सुजतं, कूर्चेखालचं हाड बदलतं, भोवतीचे स्नायू दुबळे होतात. यातल्या स्नायूंवर आपला ताबा सर्वांत जास्त चालतो. मांडीचा पुढचा स्नायू दणकट असेल, तर पाऊल टेकताना बसणारा हिसका तो बराचसा पेलतो. दुबळा असेल, तर तो हिसका सांध्यावर जातो.

ज्यांना हे पटत नाही, त्यांच्यासाठी पुरावा आहे. अमेरिकेत साठीच्या पुढच्या, गुडघ्याचा संधिवात असलेल्या ४३९ जणांवर एक मोठी चाचणी झाली आणि ती १९९७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाला चालण्याचा व्यायाम दिला, दुसऱ्याला वजनं वापरून ताकदीचा, तिसऱ्याला फक्त आरोग्याची माहिती. १८ महिन्यांनी व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं कमी होतं आणि रोजची कामं जास्त सहज होत होती. आणि एक्स-रे? त्यांत तिन्ही गटांमध्ये फरक नव्हता. दीड वर्ष नेमाने चालूनही झीज इतरांपेक्षा जास्त वाढली नव्हती.

अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका दीर्घ अभ्यासातल्या, पन्नाशीपुढच्या १,२१२ संधिवातग्रस्तांची माहिती २०२२ साली प्रसिद्ध झाली. व्यायाम म्हणून चालणाऱ्यांमध्ये वारंवार होणारी गुडघेदुखी नव्याने सुरू होण्याची शक्यता न चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती. ही निरीक्षणं आहेत, चाचणी नव्हे. तरी चालण्याने गुडघा बिघडतो या समजाला त्यातून कुठलाही आधार मिळत नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूंचे गुडघेसुद्धा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ ते २००२ या काळात एक्स-रे काढून तपासले. न धावणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात संधिवात जास्त आढळला नाही.

व्यायामाने कूर्चा पुन्हा उगवत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. दुखण्यात पडणारा फरक साधारण वेदनाशामक गोळ्यांइतका असतो, कुणाला जास्त, कुणाला कमी. पण गोळ्या रोज घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. व्यायामाने उलट साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, तोलही सुधारतो. म्हणून ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यायाम हा उपचाराचा गाभा मानला आहे.

मग करायचं काय? सतरंजीवर पाय लांब करून बसायचं आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. गुडघ्याने ती खाली दाबायची. हात ठेवून पाहिलं तर मांडीचा पुढचा भाग टणक झालेला लागतो आणि टाच किंचित उचलली जाते. पाच आकडे मोजून सोडायचं, असं दहा वेळा, दोन्ही पायांनी. खाली बसणं जमत नसेल तर हेच पलंगावर होतं. दुसरा व्यायाम खुर्चीचा. खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर घ्यायचे, उठायचं आणि सावकाश बसायचं. धपकन बसलं की अर्धा व्यायाम वाया जातो, कारण खाली येताना शरीर तोलून धरण्यातच स्नायूचं खरं काम होतं. सुरुवातीला उंच खुर्ची घ्यावी, हातांचा आधारही चालेल.

चालायला लागल्यावर पहिले काही दिवस गुडघा थोडा जास्त दुखतो आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात. दुखलं म्हणजे इजा झाली, असं नसतं. फिजिओथेरपिस्ट एक सोपा ठोकताळा देतात: वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झालं, तर तेवढं चालणं पेललं. दुसऱ्या दिवशीही दुखत असेल किंवा सूज आली असेल, तर अंतर कमी करायचं. कमी करायचं, बंद नाही. अर्धा तास सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चालावं.

खरा घात होतो तो एकदम भार टाकल्याने. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, वाटेत दिवे घाट. सत्तरीतले वारकरी ते पार करतात, पण त्यांतले कितीतरी जण वर्षभर शेतात राबलेले असतात. वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाने ज्येष्ठात एकदम निघायचं ठरवलं, तर गुडघा तक्रार करणारच. वारी करायचीच असेल तर काही महिने आधीपासून थोडं-थोडं अंतर वाढवत न्यावं.

आता ऐकण्यात येणारे बाकीचे समज.

'एक्स-रे खराब, म्हणजे संपलंच.' एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. बरीच झीज असलेली माणसं मजेत चालतात आणि थोडी झीज असलेली बेजार असतात.

'कटकट वाजतं, म्हणजे हाडं घासतायत.' दुखत नसेल, सूज नसेल, तर नुसत्या आवाजाला घाबरू नये.

'आंबट खाल्लं की वाढतं.' दही, चिंच, टोमॅटो यांचा झिजेशी संबंध नाही. युरिक ॲसिडचा गाउट हा वेगळा आजार आहे आणि त्यातही आंबट चव हा दोषी घटक नव्हे.

'वजनाचं काय एवढं?' एक किलो घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं २००५ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलं गेलं.

'ग्लुकोसामाइनने कूर्चा भरून येते.' २००६ साली १,५८३ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत या गोळ्या एकंदरीत औषध नसलेल्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

'काठी दुखऱ्या बाजूला धरावी.' उलट. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात.

'मांडी घालणं सोडलं म्हणजे हार मानली.' खोल वाकलेल्या गुडघ्यावर दाब खूप येतो. उकिडवं बसणं टाळून कमोड आणि उंच पाट वापरला, तर वाचलेली ताकद चालण्याला मिळते.

गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना किंवा गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, तर मात्र व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावं. हृदयविकार असेल किंवा तोल जात असेल, तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

शेवटचा समज शस्त्रक्रियेचा: 'नाहीतरी वाट्या बदलायच्याच आहेत, व्यायाम कशाला?' डेन्मार्कमध्ये सांधा बदलण्यास पात्र असलेल्या १०० जणांवर चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना आधी फक्त व्यायाम, आहार, समुपदेशन, पादत्राणांतले आधार आणि गरजेपुरती औषधं दिली. वर्षभरात त्या ५० पैकी १३ जणांनीच शस्त्रक्रिया करून घेतली. ज्यांचा सांधा लगेच बदलला त्यांना आराम जास्त पडला, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. गरज असेल तेव्हा शस्त्रक्रिया जरूर करावी, पण ती व्यायामातून सुटका करत नाही. नवा सांधा बसवल्यावर बहुतेक रुग्णालयांत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन येतात आणि रुग्णाला पलंगावरून उतरवून चार पावलं चालवतात.