इंजिन राहू दे, फ्रेम दाखव!

मेकॅनिकलच्या फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हटलं की दोन रस्ते असतात. एक म्हणजे तयार मॉडेल विकत आणायचं, त्याला कॉलेजचं स्टिकर चिकटवायचं आणि व्हायवाच्या आदल्या रात्री पीपीटी पाठ करायची. दुसऱ्या रस्त्याला घाम येतो. कोल्हापुरात डिप्लोमा करणाऱ्या चौघांनी यंदा तो दुसरा निवडलाय. वीज आल्यापासून गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असलेलं, आजोबांच्या काळातलं पाच हॉर्सपॉवरचं पंपाचं डिझेल इंजिन बाहेर काढून त्याचा जनरेटर करायचा बेत आहे.

कारण अगदी घरचं आहे. चौघांपैकी दोघं शिरोळ तालुक्यातले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा ते शाळेत होते. वीज गेली ती काही दिवस आलीच नाही. पाण्यापेक्षा त्यांना आठवतो तो बंद पडलेला फोन. पलीकडच्या गावात अडकलेल्या आत्याची खुशाली कळायला मार्ग नव्हता. म्हणून या जनरेटरची पहिली अट मार्कांशी संबंधित नाहीच: पाणी वाढलं की तो उचलून उंचावर नेता आला पाहिजे. आणि उचलायचा म्हटलं की विषय येतो फ्रेमचा.

फ्रेम म्हणजे नुसतं स्टँड नव्हे. हे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं. एकच सिलिंडर, तोही फोर स्ट्रोक. म्हणजे दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, सेकंदाला बारा-तेरा धक्के. ते सगळे खालच्या लोखंडाला पचवावे लागतात. फ्रेम पिळवटलेली असेल तर इंजिनाची आणि अल्टरनेटरची पुली एका रेषेत येत नाही, पट्टा तिरका चालतो, तापतो, मग बेअरिंगची वाट लागते. घट्ट आवळलेले नटसुद्धा थरथरून हळूहळू सुटतात.

पोरांनी ७५ बाय ४० चं सी चॅनेल घेतलं. चार फूट लांब, दोन फूट रुंद चौकट आणि मध्ये दोन आडवे. मीटरला साधारण सात किलो धरलं तर नुसता सांगाडाच पस्तीस किलोच्या आसपास जातो. वर इंजिन शंभर किलोच्या पुढचं. म्हणून दोन्ही बाजूंना पाइपाचे तुकडे वेल्ड केलेत. त्यांत लांब दांडे सरकवायचे आणि पालखीसारखं उचलायचं. चार टोकं, आठ माणसं. आयडिया भारीये, आणि ती कुठल्याच पुस्तकातून आलेली नाही.

खरी मजा वेल्डिंगला. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये रविवारी जागा मिळाली, अट एकच: काम पोरांनी करायचं, मिस्त्री फक्त बघणार. गुण्या लावून कोपरे जुळवले आणि एकानं उत्साहात पहिलाच कोपरा पूर्ण वेल्ड करायला घेतला. मिस्त्रींनी त्याला तिथंच थांबवलं. ‘आधी चारी कोपऱ्यांना टाके घाल. लोखंड तापलं की पळतंय बघ.’ पळतं म्हणजे काय? वेल्ड थंड होताना आकसतो आणि चॅनेलला आपल्याकडे ओढतो. सगळी ओढ एकाच बाजूला झाली की चौकटीचा पतंग होतो. म्हणून आधी टॅक, मग दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे, ते सारखे भरले की समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून थोडं थोडं वेल्ड. यांच्या कर्णांत चार मिलिमीटरचा फरक निघाला. एक टाका ग्राइंडरनं कापून पुन्हा बसवला. दहावीत काटकोन त्रिकोण शिकताना ‘याचा उपयोग काय’ विचारणाऱ्यांनी हे वाचावं!

अल्टरनेटरच्या पायाला गोल भोकं न पाडता लांबट खाचा ठेवल्यात. पट्टा सैल पडला की बोल्ट ढिले करून अल्टरनेटर मागे सरकवता येतो. इंजिनाखाली रबरी पॅड, बोल्टांना नायलॉकचे नट.

मग रंग. इथं दोन दिवस नुसती भांडणं झाली. पेठेतल्या फुटबॉल संघांच्या रंगांवरून मित्र तुटतात त्या शहरात दुसरं काय होणार? शेवटी पिवळा ठरला, कारण अंधारात टॉर्च मारली की चटकन दिसतो. पण रंगाआधीचं काम जास्त वेळखाऊ आहे. वेल्डवरचा स्लॅग चिपिंग हॅमरनं फोडा, गंज तारेच्या ब्रशनं काढा, पॉलिश पेपर मारा, थिनरच्या फडक्यानं तेलाचा डाग न् डाग पुसा. तेल राहिलं की रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग रेड ऑक्साइडचा हात आणि तो वाळला की ऑइल पेंटचे दोन पातळ हात. (पूर्वी लोखंडाला शिशाचा लाल प्रायमर द्यायचे, म्हणजे चक्क शेंदूर! तो विषारी.) चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यात ब्रश नीट पोचत नाही, आणि पाणी नेमकं तिथंच साचतं.

एक छोटी जागा मात्र त्यांनी टेप लावून मुद्दाम कोरी ठेवली. तिथं अर्थिंगची वायर बसणार. रंगातून वीज वाहत नाही, त्यामुळे रंगावरच वायर आवळली तर अर्थिंग दिसतं पण नसतं. ओल्या जमिनीवर उभं राहून फ्रेमला हात लावणाऱ्यासाठी हा फरक जिवाचा आहे. शेजारी वेल्ड केलेल्या पत्र्यावर चेंजओव्हर स्विच येईल. तो नसेल आणि जनरेटर थेट घराच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते आणि पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन निघते. तिथं खांबावर वायरमन असू शकतो, महापुरानंतर तर असतोच. आणि जनरेटर चालवायचा तो उघड्यावरच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, बंद खोलीत तो झोपेतच माणूस मारतो. आजोबांना गोठ्यातच इंजिन हवं होतं. नातवानं त्यांना नाही म्हटलंय.

सध्या रंगाचा दुसरा हात वाळतोय. येत्या रविवारी इंजिन चढवायचं, मग बल्बांचा लोड देऊन व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघायची. दांडे तयार आहेत, आठवा माणूस अजून मिळालेला नाही. क्रिकेटची मॅच आहे म्हणे.