संत्र्याचा डिंक्या: बोर्डो पेस्ट पावसाआधीच लावा



बटाट्यावरचा उशिराचा करपा आणि आपल्या मिहान भागातल्या संत्र्यावरचा डिंक्या, दोन्ही फायटोफ्थोरा कुळातले. बोर्डो पेस्ट खोडात शिरत नाही, वरून कवच बनते. म्हणून मृगाच्या पावसाआधीच लावा.

▪️ मोरचूद १ किलो + कळीचा चुना १ किलो, प्रत्येकी ५ लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा.
▪️ लोखंडी विळा बुडवा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा.
▪️ जमिनीपासून १ मीटरपर्यंत लावा, त्याच दिवशी संपवा.

डिंक दिसतोय? आधी सडलेली साल खरडून जाळा, मग पेस्ट लावा. साल खोडाभोवती सडली, की झाड गेलंच समजा. पावसाळ्यानंतर पुन्हा एक हात द्या.