पाळण्यात बसायचा हक्क आणि मानेचा एक्स-रे

जबलपूरच्या अधारतालहून मी पुन्हा आपल्यासमोर आलोय. गेल्या काही महिन्यांत नागपूर, बेळगाव आणि इंदूरच्या कुटुंबांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. घरात दिव्यांग माणूस आहे, मुलं सुट्टीत मोठ्या मनोरंजन उद्यानात जाऊ म्हणतात, तर त्याला बरोबर न्यावं की घरी कुणाजवळ तरी ठेवावं?

माझं उत्तर आहे, न्यावं. पण कसं न्यावं हे मी चुकून शिकलोय. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

माझा धाकटा भाऊ आज ५२ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. मी त्याच्यापेक्षा १४ वर्षांनी मोठा. वडील इथल्या कृषी विद्यापीठात नोकरीला होते, म्हणून आमचं घर अधारतालात. मी ३२ वर्षं फौजेत फिरत राहिलो आणि तो आईजवळ वाढला. आई गेल्यावर तो आमच्याकडे, म्हणजे खरं तर आम्हीच त्याच्या घरी राहायला आलो. लहानपणी तिळवाऱ्याच्या संक्रांतीच्या जत्रेत तो आकाशपाळण्यात बसायचा. पाळणेवाला काही न विचारता त्याला उचलून आत ठेवायचा आणि दांडी लावायचा. तेव्हापासून त्याला पाळण्यांचं वेड.

तीन वर्षांपूर्वी नातवंडांना घेऊन आम्ही दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या उद्यानात गेलो. टकरींच्या मोटारींसमोर तो ४० मिनिटं रांगेत उभा राहिला, तिकीट मुठीत धरून. नंबर आला तेव्हा तिथल्या मुलाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "सर, इनको नहीं बिठा सकते." कारण विचारलं तर म्हणे, "ऐसे लोगों को अलाउड नहीं है." भावाने मला विचारलं, "दादा, माझं काय चुकलं?"

मंडळी, माझा तोल गेला. आवाज चढवला, हुद्दा सांगितला, व्यवस्थापकाला बोलावलं. शेवटी त्याला बसू दिलं. मी छाती पुढे काढून बाजूला उभा राहिलो. त्याला सात-आठ जोरदार टकरा बसल्या आणि तो उतरला तेव्हा मान धरून होता.

परत आल्यावर आमच्या डॉक्टरांना ही विजयाची कथा ऐकवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "कर्नलसाहेब, याच्या मानेचा एक्स-रे कधी काढलाय?" ४९ वर्षांत कधीच काढला नव्हता. काढला, तेव्हा मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधलं अंतर हवं त्यापेक्षा जास्त निघालं. मेंदू व मज्जारज्जूच्या तज्ज्ञांनी सांगितलं, झटके बसतील असं काहीही नको.

म्हणजे त्या मुलाने चेहरा पाहून नकार दिला, ते चुकीचं होतं. आणि मी अपमान झाला म्हणून भावाला त्या मोटारीत बसवलं, तेही चुकीचं होतं. हक्क त्याचा होता आणि लढाई मी माझ्या मानासाठी लढलो.

आता मुद्द्यावर येऊ.

पहिला मुद्दा शरीराचा. डाउन सिंड्रोममध्ये सांधे धरून ठेवणारे बंध सैल असतात. कवटीखालचे पहिले दोन मणके त्यामुळे एकमेकांवरून जास्त सरकू शकतात. डाउन सिंड्रोम असलेल्या शंभरातल्या साधारण १० ते २० जणांच्या एक्स-रेमध्ये असा सैलपणा दिसतो. प्रत्यक्ष त्रास त्यांतल्या थोड्यांनाच होतो, पण झाला तर मज्जारज्जूवर दाब येतो. म्हणून १९८३ मध्ये स्पेशल ऑलिम्पिक्सने काही खेळांसाठी मानेचा एक्स-रे मागायला सुरुवात केली. आता एक्स-रेइतकाच, किंबहुना जास्तच, भर लक्षणांवर असतो. चाल बदलणं, मान वाकडी धरणं, हातातली शक्ती कमी होणं, लघवीवरचा ताबा नव्याने जाणं, यातलं काही दिसलं तर सहल बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

फिट्स येणाऱ्यांचं वेगळं असतं. त्यांच्यापैकी शंभरातल्या साधारण तिघांना लखलखणाऱ्या दिव्यांनी फिट येऊ शकते. असा प्रकाश अचानक सुरू झाला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि तिथून बाहेर पडायचं. स्वमग्न मुलांना बहुधा वेगापेक्षा आवाज, गर्दी आणि अनिश्चित वाट पाहणं जास्त छळतं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी दोन प्रश्न महत्त्वाचे. खुर्चीतून पाळण्याच्या आसनावर कसं जायचं? आणि मध्येच वीज गेली, पाळणा उंचावर थांबला, तर खाली कसं उतरायचं? पुष्कळ ठिकाणी उतरायला अरुंद जिनाच असतो.

पाळण्याच्या नावावर किंवा रंगीत चित्रावर जाऊ नका. टकरींच्या मोटारी लहान मुलांच्या वाटतात, पण मानेला झटका तिथेच बसतो. आकाशपाळणा उंच आणि भीतीदायक दिसतो, पण तो हळू फिरतो. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. तिथे 'नायट्रो'सारखा पाय अधांतरी ठेवणारा कोस्टर आहे आणि बसल्या जागी पडद्यावर पाहायचे खेळही आहेत. एकाच तिकिटात दोन्ही मिळतं. यादी घ्या आणि प्रत्येक खेळासमोर लिहा: झटका, उंची, अंधार, आवाज, लखलखाट, पाणी. ती यादी डॉक्टरांना दाखवा. "उद्यानात नेऊ का?" असं विचारलं तर डॉक्टर बहुधा नको म्हणतील. "या १५ पैकी कोणते चालतील?" असं विचारा, मग उपयोगाचं उत्तर मिळेल.

दुसरा मुद्दा कायद्याचा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. कलम ३ सांगतं की दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. अपवाद एकच. ती कृती रास्त उद्देशासाठी आणि त्या उद्देशाच्या प्रमाणात आहे, हे दाखवता आलं पाहिजे. आपल्या कामाचं वाक्य हेच आहे. "या पाळण्यात मानेला झटका बसतो, मानेचा त्रास असलेल्या कुणालाही आम्ही बसवत नाही," हे कारण झालं. "ऐसे लोगों को अलाउड नहीं" हे कारण नव्हे. कलम २९ करमणुकीत आणि सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याच्या हक्काबद्दल आहे. सुगम्यतेबाबत राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की नुसत्या शिफारशींवर भागणार नाही, किमान नियम बंधनकारक हवेत.

म्हणून नकार मिळाला तर माझ्यासारखं ओरडू नका. तीन प्रश्न विचारा. धोका नेमका कोणता? हा नियम सगळ्यांना आहे की फक्त यालाच? आणि तो लिहिलेला कुठे आहे? फलकावर लिहिलेला, सगळ्यांना लागू असलेला आणि धोका सांगणारा नियम असेल तर मानायचा. तिन्हींचं उत्तर मिळालं नाही तर लेखी कारण मागायचं आणि घरी येऊन राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करायची. पण रांगेतली ती पाच मिनिटं आपल्या माणसाची आहेत. त्याच्या खांद्यावर हात ठेवून "तुझं काही चुकलं नाही" हे आधी सांगायचं. मी ते त्या दिवशी सांगितलं नाही.

तिसरा मुद्दा तयारीचा. फौजेत आम्ही आधी रेकी करतो. इथेही करा. उद्यानाला आठ दिवस आधी फोन करा, मग तेच प्रश्न ईमेलने पाठवा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. उतार केवढा आहे विचारा. एक फूट चढायला १२ फूट लांबीचा उतार हे आपल्याकडचं मान्य माप आहे. याहून चढ जास्त असेल तर खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो. कुटुंबासाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का विचारा. मोठ्या मुलाला घेऊन आई पुरुषांच्या बाजूला जाऊ शकत नाही आणि निम्म्या सहली याच कारणाने मोडतात. शांत बसायची खोली आहे का, आपलं खाणं आणि औषधं आत नेता येतील का, रांगेत उभं राहणं टाळता येईल का, हेही विचारा.

रांगेबद्दल थोडं सांगतो. अमेरिकेत डिस्ने उद्यानांनी २०१३ मध्ये दिव्यांगांसाठीची सवलत बदलली, कारण काही श्रीमंत कुटुंबं दिव्यांग माणसाला भाड्याने बरोबर नेऊन रांग टाळत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. नव्या पद्धतीत वेळ नोंदवून मिळते. तेवढा वेळ आपण सावलीत थांबायचं आणि मग यायचं. वाट सगळे सारखीच पाहतात, फक्त उभं राहणं टळतं. ही मागणी आपणही करू शकतो, आणि ती कुणाला अन्याय्य वाटत नाही. सवलतीचा गैरफायदा घेतला की भोगतो मात्र खरा गरजू.

प्रवासासाठी रेल्वेची सवलत लक्षात ठेवा. बौद्धिक दिव्यांगत्वामुळे एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्याला आणि त्याच्या एका सोबत्याला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीत ५० टक्के सूट असते. युडीआयडी कार्ड मूळ आणि झेरॉक्स, दोन्ही जवळ ठेवा.

त्या दिवशी सकाळी निघताना त्याचा त्याच कपड्यांत फोटो काढा. हरवला तर "निळा शर्ट" सांगण्यापेक्षा फोटो दाखवणं बरं. खिशात आपला फोन नंबर ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ती जागा आल्याआल्या सगळ्यांना दाखवा. खेळ तीनच ठरवा, चौथा मिळाला तर बोनस. आणि सोबतीची पाळी लावा, एकेका तासाची. नाहीतर आई दिवसभर बाकावर बसते आणि बाकीचे पाळण्यात. भावंडांनाही त्यांचा दिवस मिळायला हवा.

जगात यापुढचंही झालंय. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत गॉर्डन हार्टमन यांनी पाहिलं की आपल्या मुलीला तलावातल्या मुलांशी खेळायचंय, पण ती मुलं निघून गेली. त्यांनी २०१० मध्ये मॉर्गन्स वंडरलँड उभारलं. तिथे दिव्यांगांना प्रवेश मोफत आहे. २०१७ मध्ये शेजारी पाण्याचं उद्यान झालं, त्यात हवेच्या दाबावर चालणाऱ्या, पाण्यात नेता येणाऱ्या खुर्च्या आहेत. आपल्याकडे नागपूरच्या पारडी भागात अनुभूती दिव्यांग उद्यानाची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. सुमारे ९० हजार चौरस फूट जागा, आणि स्पर्श व गंधाची बाग, जलोपचार अशा सोयींचा आराखडा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या फौजेतलं एक नाव सांगतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक घेऊन आले. दार बंद ठेवलं असतं तर आत काय होतं ते कळलंच नसतं.

आमचं पुढे काय झालं? एक्स-रेनंतर वर्षभर मी भावाला कुठेच नेलं नाही. घाबरलो होतो. मग आमच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आधी तुम्ही न विचारता बसवलंत, आता न विचारता बंद केलंत. काकांना कुणी विचारलं का?" मी विचारलं. तो म्हणाला, "गोल पाळणा. हळू."

मग आम्ही सराव केला. भेडाघाटला धुवाँधारच्या रोपवेत बसलो. तिकीट, रांग, लटकणारा डबा, खाली नर्मदेचा गजर, सगळं एका जागी. पहिल्या खेपेला तो दारातूनच परतला. मी काही बोललो नाही, भुट्टा खाऊन घरी आलो. दुसऱ्या खेपेला बसला. त्यानंतर पुन्हा एका उद्यानात गेलो, जानेवारीतल्या एका मंगळवारी. डॉक्टरांचं पत्र खिशात होतं. टकरींच्या मोटारींकडे त्याने बोट दाखवलं, मी मानेला हात लावून दाखवला, त्याने समजून मान डोलावली. आकाशपाळण्यावरच्या माणसाला मी हुद्दा सांगितला नाही. एवढंच म्हणालो, "याला हळू चालतं, चढताना एक हात द्या." त्याने हात दिला.

डाउन सिंड्रोममध्ये म्हातारपण लवकर येतं. भाऊ आता पायऱ्यांवर थांबतो, कधीकधी नावं विसरतो. पुढच्या वर्षी जमेल की नाही माहीत नाही. म्हणून सांगतो, घरी ठेवू नका. डॉक्टरांना विचारा, उद्यानाला विचारा, आणि सगळ्यांत आधी त्याला विचारा.

पुढच्या भागात अशा व्यक्तींच्या कायदेशीर पालकत्वाच्या कागदांबद्दल बोलू. नमस्कार. जय हिंद.