पिस्तुलाची परराज्यात रवानगी

सन १९६३ च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस अमेरिकेतील दोन निरनिराळ्या शहरांतून दोन पार्सले टेक्सास राज्यातील डॅलस शहराकडे रवाना झाली. शिकागोच्या क्लाइन्स या क्रीडासाहित्याच्या दुकानाने धाडलेल्या पहिल्या पार्सलात कार्कानो जातीची इटालियन रायफल होती. दुर्बिणीसह तिची किंमत १९ डॉलर ९५ सेंट, वर दीड डॉलर हशील, आणि ती गेली सरकारी टपालाने. लॉस एंजेलिसच्या सीपोर्ट ट्रेडर्स या पेढीच्या दुसऱ्या पार्सलात स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर होते; त्याच्या २९ डॉलर ९५ सेंट किमतीपैकी १० डॉलर गिऱ्हाइकाने आगाऊ पाठवले होते, उरलेली रक्कम आपल्या व्ही. पी. च्या धर्तीवर माल हाती पडताना चुकती करावयाची होती, आणि हे पार्सल मात्र टपालाने न जाता रेल्वे एक्स्प्रेस या खाजगी कंपनीमार्फत गेले. दोन्ही मागण्या हिडेल या एकाच खोट्या नावाने नोंदवलेल्या होत्या व मागवणारा इसम होता ली हार्वे ऑस्वल्ड. त्याच वर्षीच्या २२ नोव्हेंबरला यांपैकी एका शस्त्राने अध्यक्ष केनेडी यांचा व दुसऱ्याने टिपिट नावाच्या पोलीस अंमलदाराचा बळी घेतला, हे सर्वविश्रुत आहे. रायफल टपालाने आणि रिव्हॉल्व्हर रेल्वेने, हा भेद का पडला, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आणि स्वतःच्या मालकीचे पिस्तूल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायदेशीरपणे कसे न्यावे किंवा धाडावे, या आजही अमेरिकन माणसाला घोटाळ्यात टाकणाऱ्या प्रश्नाचे मूळ त्याच भेदात आहे.

अमेरिकेत पार्सल टपाल सुरू झाले ते १ जानेवारी १९१३ रोजी. त्यापूर्वी दोन वर्षे, म्हणजे १९११ साली, न्यूयॉर्क राज्याने सलिव्हन कायदा करून अंगावर लपवता येईल असे शस्त्र परवान्याविना बाळगण्यास मज्जाव केला होता; परंतु न्यूयॉर्कचा अंमल न्यूयॉर्कच्या सरहद्दीपाशी संपत असल्यामुळे, परराज्यातील व्यापाऱ्याने सूचिपत्रक छापावे, गिऱ्हाइकाने मनिऑर्डर धाडावी आणि केंद्र सरकारच्याच पोस्टमनने ते पिस्तूल घरपोच आणून द्यावे, असा चमत्कारिक प्रकार होऊ लागला. ही विसंगती दूर करण्यासाठी वॉशिंग्टन राज्याचे प्रतिनिधी जॉन मिलर यांनी मांडलेले विधेयक ८ फेब्रुवारी १९२७ रोजी कायद्याच्या पुस्तकात दाखल झाले. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर व अंगावर लपवण्याजोगे कोणतेही अग्निशस्त्र टपालाने धाडता येणार नाही. हेतुपुरस्सर धाडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. सैन्याचे व पोलिसांचे अधिकारी आणि खरेखुरे कारखानदार व दुकानदार यांचा आपसांतील व्यवहार तेवढा यातून वगळलेला. केंद्रीय दंडसंहितेत १७१५ या क्रमांकाने हे कलम अद्याप छापलेले आहे.

कायदा करणाऱ्यांनी टपालाचे दार लावले, पण शेजारचे दार सताड उघडे राहिले. कारण बंदी होती ती टपालखात्यापुरती, आणि मालवाहतूक करणाऱ्या खाजगी एक्स्प्रेस कंपन्यांना तिचा स्पर्शही झाला नाही. लॉस एंजेलिसच्या पेढीने रिव्हॉल्व्हर रेल्वे एक्स्प्रेसच्या स्वाधीन केले ते याच कारणाने, आणि त्यात तिने कायद्याचा तिळमात्र भंग केला नव्हता. रायफल लांबलचक, लपवण्याजोगी नव्हे, म्हणून तिला टपाल मोकळे होते.

कनेक्टिकटचे सिनेटर थॉमस डॉड यांनी टपालमागणीने होणाऱ्या पिस्तूलविक्रीला आळा घालणारे विधेयक केनेडींच्या हत्येपूर्वीच, १९६३ च्या ऑगस्टमध्ये, मांडले होते, ही गोष्ट विशेष नमूद करण्याजोगी आहे. कोल्टसारखे जुने कारखाने ज्या राज्यात उभे राहिले त्याच राज्याच्या प्रतिनिधीने हा पुढाकार घ्यावा, यात धैर्य होते असेच म्हटले पाहिजे. हत्येनंतर रायफलीही त्यात आल्या, तरी विधेयक पाच वर्षे रखडले. आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग व जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचे खून झाल्यावर, २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी शस्त्रनियंत्रण कायद्यावर सही केली.

या कायद्याची दृष्टी ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्या तरतुदी नुसत्या गुंतागुंतीच्या वाटतात. आपल्याकडील १९५९ चा शस्त्र अधिनियम प्रथम परवाना मागतो आणि तो परवाना किती मुलखात चालेल हेही त्यावर लिहिलेले असते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पिस्तूल घरी बाळगण्यास परवानाच लागत नाही, म्हणून केंद्राच्या कायद्याने शस्त्राच्या बाळगण्याऐवजी त्याच्या हस्तांतरावर पहारा बसवला. शस्त्र मालकापाशीच राहते आहे की दुसऱ्याच्या हाती जाते आहे, हा त्याचा पहिला प्रश्न. आणि देणारा व घेणारा एकाच राज्याचे रहिवासी आहेत की नाहीत, हा दुसरा.

ओहायोतील एका गृहस्थाला आपले पिस्तूल टेक्सासमधील मित्राला विकावयाचे आहे अथवा नुसते भेट द्यावयाचे आहे, असे समजू. त्याला ते मित्राच्या घरी धाडता येत नाही, स्वतः गाडीने नेऊन मित्राच्या हाती ठेवता येत नाही, आणि मित्राने ओहायोस येऊन ते घेऊन जाणे हाही गुन्हाच. शस्त्र टेक्सासमधील केंद्रीय परवाना असलेल्या दुकानदाराकडे पोचले पाहिजे. तो दुकानदार ते आपल्या वहीत जमा करतो, मित्राकडून ४४७३ क्रमांकाचा नमुना भरून घेतो, पूर्वचारित्र्याची चौकशी करवतो, आणि मगच शस्त्र वहीतून खर्ची टाकून त्याच्या हवाली करतो. वारसाहक्काला तेवढी सूट आहे: मृत्युपत्राने अथवा वारसाने आलेले शस्त्र, बाळगणाऱ्यास मनाई नसेल तर, परराज्यातील वारस दुकानदाराच्या मध्यस्थीवाचून घेऊ शकतो. दुरुस्तीसाठी कारखान्याकडे धाडलेले पिस्तूलही कारखान्याला थेट मालकाकडे परत करता येते.

मालकाने स्वतःच स्वतःला शस्त्र धाडण्याची सोय तर मोठी मौजेची आहे. परराज्यात नेमबाजीच्या स्पर्धेस किंवा शिकारीस जाणारा इसम आपले शस्त्र अगोदर पुढे धाडू शकतो; मात्र पार्सलावर नाव त्याचे स्वतःचे, आणि खाली ‘अमक्यांचेकडे’ म्हणून यजमानाचा पत्ता. पार्सल यजमानाच्या घरात आठ दिवस पडून राहिले तरी चालेल, परंतु फोडावयाचे ते मालकानेच. यजमानाने उघडले की ताबा बदलला, आणि ताबा बदलला की गुन्हा घडला.

हे धाडावयाचे कोणामार्फत? टपाल पिस्तुलाला बंद, म्हणजे राहिल्या खाजगी कंपन्या. कायदा त्यांच्याकडून वाहतूक करून घेऊ देतो. घेणारा परवानाधारक नसेल तर आत शस्त्र आहे अशी लेखी सूचना कंपनीला द्यावी लागते, आणि कंपनीला पोच देताना सहीची पावती घ्यावी लागते. याउलट पार्सलाच्या बाहेर ‘आत शस्त्र आहे’ असे दर्शविणारी चिठ्ठी लावण्याची सक्ती करण्यास कंपनीला बंदी आहे, आणि तिचे कारण चोरांखेरीज सर्वांना पटेल. वाटेतल्या चोऱ्या हीच या धंद्याची खरी डोकेदुखी होती; १९९९ साली यूपीएसने पिस्तुले केवळ दुसऱ्या दिवशी पोचणाऱ्या महागड्या हवाई सेवेनेच स्वीकारण्याचा नियम केला तो त्याचपायी. पुढे नियम अधिकाधिक आवळत गेले, आणि आज यूपीएस व फेडेक्स या दोन्ही मोठ्या कंपन्या करारबद्ध परवानाधारकांखेरीज कोणाचेही पिस्तूल घेत नाहीत. म्हणजे काँग्रेसने सामान्य नागरिकासाठी राखून ठेवलेली वाट कंपन्यांच्या नियमावलीने बुजवली आहे. शस्त्रांविषयी मला यत्किंचितही मोह नाही. तथापि जो निर्बंध लोकप्रतिनिधींनी घातला नाही तो दोन व्यापारी पेढ्यांनी घालावा, हे मला प्रशस्त वाटत नाही. व्यवहारात आता मालक गावातल्या दुकानदाराकडे जातो आणि तो आपल्या परवान्यावर, आपले शुल्क घेऊन, पुढच्या दुकानदाराकडे रवानगी करतो.

उरला मार्ग स्वतः बरोबर नेण्याचा. १९८६ च्या मालक-संरक्षण कायद्याने, जेथून निघावयाचे व जेथे पोचावयाचे त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल तर मधल्या राज्यांतून निर्वेध जाण्याचा हक्क दिला. अट अशी की शस्त्र रिकामे असावे व प्रवाशाच्या हाताशी नसावे. गाडीला वेगळी डिकी नसेल तर ते कुलूपबंद पेटीत असावे, आणि पुढचा खण ही त्या अर्थाने पेटी नव्हे. विमानात ते कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटीत, रिकामे, फक्त चेक-इन सामानात, खिडकीवर जाहीर करून द्यावे लागते.

हा हक्क किती नाजूक आहे हे यूटा राज्याच्या एका प्रवाशाने २००५ साली अनुभवले. सॉल्ट लेक सिटीहून पेन्सिल्वेनियातील अ‍ॅलनटाउनला निघालेल्या या गृहस्थाने पिस्तूल सर्व नियम पाळून सामानात दिले होते. न्यूअर्कला पुढची जोडसेवा चुकली. तिच्याऐवजी मिळालेल्या बसमध्ये तो चढला, तर सामान त्यात नाही. सामान शोधण्यासाठी उतरला, तर बस निघून गेली. अखेर सापडलेली पेटी घेऊन त्याने विमानतळाजवळच्या हॉटेलात रात्र काढली आणि सकाळी खिडकीवर इमानेइतबारे पिस्तूल जाहीर केले. न्यू जर्सीचा परवाना नाही म्हणून त्याला तेथेच अटक होऊन काही दिवस कोठडीत काढावे लागले. खटला पुढे काढून घेतला गेला, पण त्याने लावलेला नुकसानभरपाईचा दावा २०१० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने फेटाळला: रात्रभर पेटी हॉटेलात त्याच्या हाताशी होती, सबब संरक्षण संपले. त्याचा स्वतःचा दोष नव्हता हे न्यायालयाने मान्य केले, आणि पेटी ताब्यात घेण्यापूर्वीच त्याने विमानतळावरील पोलिसांकडे जावयास हवे होते, असे वर सुचवले. कायद्याच्या अक्षरापुरता हा निर्णय बिनचूक असेलही. परंतु रात्रीच्या वेळी बस चुकलेला कोणता प्रवासी कलमाचा असा कीस काढीत बसेल?

न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात मराठी घरे पुष्कळ आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. तात्पुरत्या व्हिसावर, उदाहरणार्थ एच-१बी वर, राहणाऱ्याला शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडता शस्त्र बाळगण्यासच केंद्रीय कायद्याने मनाई आहे. मित्राने ‘दोन दिवस ठेव’ म्हणून दिलेले पिस्तूलही त्यात येते. ज्यांना तो अधिकार आहे आणि जे आपले शस्त्र घेऊन कॅलिफोर्नियात कायमच्या वास्तव्यास जातात, त्यांनी ६० दिवसांच्या आत तेथील न्याय खात्याला वर्दी द्यावयाची असते.

१९२७ च्या टपालबंदीला २०२५ साली पेन्सिल्वेनियातील केंद्रीय न्यायालयात आव्हान दिले गेले आहे आणि कंपन्यांचे नियम तर वर्षागणिक फिरतात. तेव्हा ज्या कोणाला खरोखरच पिस्तूल परराज्यात पोचवावयाचे असेल त्याने या लेखावर विसंबू नये. पार्सल बांधण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या परवानाधारक दुकानदारांना विचारावे, आणि घेणाऱ्या दुकानदाराच्या परवान्याची प्रत हाती आल्यावाचून शस्त्र घराबाहेर काढू नये.