हयातीचा दाखला

पासष्ट वर्षांवरील माणसांनी घरातच थांबावे, अशा अर्थाची सूचना २०२० च्या मार्च महिन्यात सरकारी पत्रकांतून निघाली, आणि पुढे दोन वर्षे ती आपल्या घराघरांत इतकी घोटली गेली, की शाळेत न जाणारी नातवंडेसुद्धा आजोबांपुढे बोट नाचवून ती म्हणून दाखवू लागली. सूचनेत चूक काहीच नव्हती. करोनाचा सारा कल वयाकडे होता आणि सत्तरीच्या माणसाला जो धोका होता तो विशीच्या पोराला नव्हता, हे डॉक्टर पहिल्यापासून सांगत होते. पण ‘घरातच’ म्हणजे नेमके कोठे, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. आमच्या श्रीगोंद्यासारख्या गावात म्हाताऱ्या माणसाचे घर निम्मे उंबऱ्याच्या बाहेर असते. ओटा, पिंपळाचा पार, देवळाचा सभामंडप, न्हाव्याच्या दुकानातले बाकडे आणि एस.टी. स्टँडवरचा सिमेंटचा बाक एवढे सगळे मिळून त्याचे घर होते. यांतून बाहेरचे तेवढे वजा करा, म्हणजे एक खाट उरते आणि भिंतीवर दूरदर्शनचा संच. २८ मार्चपासून दूरदर्शनने जुने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली म्हणून बरे. नाहीतर कित्येक घरांत खरेच रामायण झाले असते!

श्रीगोंदे हे पुण्याहून शंभरेक किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या शेख महंमद महाराजांचे समाधिस्थान येथे आहे आणि शिंद्यांच्या वाड्याच्या खुणाही आहेत. आमच्याकडची लिंबे दूरवर जातात, आणि काष्टीचा जनावरांचा बाजार तर राज्यभर ठाऊक आहे. पण या लेखापुरती महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. तालुक्याच्या दक्षिणेकडून घोड आणि भीमा वाहतात, आणि भीमेपलीकडे दौंड लागते. जिल्हा आमचा अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. दौंडचा जिल्हा पुणे. एरवी हा भेद फक्त कागदावरचा. श्रीगोंदा रोड नावाचे स्टेशन दौंड-मनमाड मार्गावर आहे खरे, पण पुण्या-मुंबईची गाडी गाठायची तर मंडळी दौंडलाच जातात. चष्मा, कवळी, रक्ताची तपासणी, सगळे नदीपलीकडे. २०२० च्या वसंतात जिल्हाबंदी झाली, आणि जी नदी ओलांडताना आम्ही कधी वाचनातून मानसुद्धा वर केली नव्हती ती एकाएकी सरहद्द झाली. पलीकडे जायला मोबाइलवरून पास काढावा लागे. ही पासाची भानगड २ सप्टेंबरला सुटली, तोवर पाच महिने उलटले होते.

आमचे थोरले चुलते, आबा, या सरहद्दीत सापडले. त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू फेब्रुवारीत काढला होता. डाव्याची तारीख एप्रिलातली होती. ती अर्थातच गेली. देशभर अशा ‘थांबली तर चालतील’ म्हटलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या होत्या, आणि त्यात अन्याय झाला असे कोणी म्हणणार नाही. पण थांबण्याचा हिशेब म्हाताऱ्या माणसाचा वेगळा असतो. पंचविशीतल्या माणसाने दहा महिने वाट पाहिली तर तो दहा महिन्यांनी मोठा होतो. ऐंशीच्या माणसाचे दहा महिने फार मोठे भांडवल असते. आबा एका नव्या आणि एका जुन्या डोळ्याने वावरत होते. सकाळी ओट्यावर बसून ते एकेक डोळा झाकून पाहत आणि आम्हाला सांगत, ‘‘ह्या डोळ्यानं धोतर पांढरं दिसतंय, अन् ह्या डोळ्यानं पिवळं. खरं कोणतं, तू मास्तर आहेस, तूच सांग.’’ गंमत वाटे, पण दोन डोळ्यांचा मेळ नसला की पायरीचा अंदाज चुकतो. श्रावणात ते ओट्यावरून घसरले. हाड मोडले नाही, एवढीच देवाची कृपा. दुसरा डोळा झाला तो जानेवारी २०२१ मध्ये.

साथीच्या गोष्टी आबांना पुष्कळ ठाऊक, कारण त्यांच्या आजीने प्लेग आणि मानमोडी दोन्ही पाहिल्या होत्या. प्लेगात, म्हणजे १८९६-९७ नंतरच्या वर्षांत, उंदीर पडू लागले की लोक गाव मोकळे करून माळावर झोपड्या घालून राहत. आबा म्हणतात, ‘‘तवा घर सोडायचं औषध होतं, आता घरात कोंडायचं.’’ मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्ल्युएंझा. जूनमध्ये तो मुंबईस उतरला, पावसाने ओढ दिली, आणि सप्टेंबरात दुसरी लाट आली ती खेड्यापाड्यांतून शिरली. हिंदुस्थानात त्या साथीने दीड-दोन कोटींच्या आसपास माणसे नेली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली; अशी घट त्यानंतर पुन्हा कधी दिसली नाही. पण मानमोडीचा एक विशेष असा, की तिने वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे अधिक नेली. आबांच्या आजीचा एक मुलगा आणि सून एका आठवड्यात गेली, आणि तिने मागची तीन पोरे वाढवली. म्हणजे त्या साथीत म्हातारपणावर घर उभे राहिले. या खेपेला उलटे झाले. घर वाचवायचे म्हणून म्हातारपण बाजूला, आतल्या खोलीत, ठेवावे लागले. ते ठेवणे प्रेमाचेच होते. पण ताट दाराशी ठेवून परत फिरणाऱ्या सुनेलाही ते सोसले नाही आणि आतल्या सासऱ्यालाही नाही.

पायांचे काय झाले ते आता सांगतो, कारण याकडे शहरातल्या कुटुंबांचेही लक्ष कमी जाते. अमेरिकेत साठीच्या पुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग झाला होता. त्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस, म्हणजे चरबी सोडून उरणारा ऐवज, झडून गेले होते. दहा दिवसांत! आमच्याकडे तर लोक दोन-दोन महिने खाटेवर होते. आमच्या गल्लीत एक वारकरी आहेत, वय त्या वेळी त्र्याहत्तर. चाळीस वर्षांत त्यांची आषाढी वारी चुकली नव्हती. २०२० साली पायी वारी रद्द झाली. ज्ञानेश्वर महाराजांच्या आणि तुकोबांच्या पादुका ३० जूनला एस.टी.च्या गाडीतून मोजक्या मंडळींबरोबर पंढरपुरास गेल्या. आमच्या भागाकडून, नगर-मिरजगाव-कर्जत-करमाळा अशी जी निवृत्तिनाथांची पालखी जाते, ती वाटही त्या वर्षी ओस पडली. या गृहस्थांनी टाळ खुंटीला लावले आणि ते खाटेवर बसले. दिवाळीपर्यंत त्यांना काठी लागली. घरच्यांना वाटे, वय झाले. वय एका पावसाळ्यात होत नसते. तालुक्यातल्या एका तरुण डॉक्टरांनी त्यांना औषध न देता खुर्चीवरून हात न टेकता उठायला आणि बसायला लावले. आधी पाच वेळा, मग दहा, मग वीस. २०२२ साली वारी पूर्ववत सुरू झाली तेव्हा ते पूर्ण वाट चालू शकले नाहीत, पण शेवटचे चार मुक्काम चालले. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी हा खुर्चीचा व्यायाम अवश्य करून पाहावा. त्याला जागा लागत नाही आणि पैसाही लागत नाही. भोवळ येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे, आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी.

१५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यात निघाली, आणि आशाताई दारोदार ताप व रक्तातला प्राणवायू मोजू लागल्या. बोटाला लावायची ती चिमटीसारखी डबी आम्ही तेव्हा प्रथम पाहिली. आमच्या आईच्या बोटाला लावली तर आकडा ब्याऐंशी! घरात रडारडच व्हायची, पण आशाताई शहाण्या निघाल्या. आई नुकतीच भांडी घासून आली होती, बोटे गार पडली होती. हात चोळून, पुसून, पाच मिनिटांनी पुन्हा पाहिले तर सत्त्याण्णव. मेंदीने, नखांच्या रंगाने, गारठ्याने हा आकडा फसतो, हे सर्वांनी लक्षात ठेवावे. मात्र ऊब देऊनही तो चौऱ्याण्णवच्या खाली राहिला तर वाट पाहू नये, कारण या रोगात माणूस बोलत-चालत असताना आतून प्राणवायू उतरत जाई, हेच त्याचे कपट होते.

दुसऱ्या लाटेविषयी मी थोडक्यात लिहितो. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या एका गल्लीतून तीन माणसे गेली, तिन्ही सत्तरीच्या पुढची. त्यांपैकी एकालाही खांदा मिळाला नाही. मराठीत ‘चार माणसांत जाणे’ या शब्दांना किती अर्थ आहे, हे मी वर्गात अनेकदा सांगितले असेन. त्या महिन्यानंतर मला ते सांगावेसे वाटत नाही. आणि वाटले होते संपले, तेव्हा ६ नोव्हेंबर २०२१ ला, ऐन भाऊबिजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. दहाहून अधिक रुग्ण दगावले. त्यांत करोनाशी झगडणारी वयस्क माणसे पुष्कळ होती.

त्याआधीची एक गोड आठवण सांगावीशी वाटते. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. पुण्यातच तयार होणारी लस, तरी ती आमच्याकडे यायची ती मोजून. पहाटे पाचला रांग लागे. तरुण मंडळींना वाटे, म्हाताऱ्यांचे हाल चालले आहेत. हाल होतेच, पण मी आईला घेऊन गेलो तेव्हा पाहिले, की वर्षभरानंतर प्रथमच गावातली सगळी म्हातारी माणसे एका ठिकाणी जमली होती. कोणाची सून बाळंत झाली, कोणाचा बैल विकला, कोण गेले, सगळी देवघेव त्या रांगेत झाली. सहा फुटांचे अंतर सांगणारा पोरगा घसा बसून शेवटी गप्प झाला. पुढे मे महिन्यात दुसऱ्या डोसाचे अंतर बारा ते सोळा आठवडे झाले, तेव्हा आईला लसीपेक्षा रांग लांबल्याचेच वाईट वाटले असावे.

आईला वडिलांच्या मागे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण जिवंत आहोत असे स्वतः जाऊन सांगायचे. २०२० च्या नोव्हेंबरात सरकारच म्हणत होते घराबाहेर पडू नका, आणि सरकारच म्हणत होते येऊन दाखवा. केंद्र सरकारने आपल्या निवृत्तांसाठी मुदत आधी डिसेंबरअखेर आणि मग फेब्रुवारीअखेर वाढवली. पोस्टमन यंत्र घेऊन घरी येऊ लागला, ही सोय तर फारच चांगली. पण आईचा अंगठा यंत्राला पटेना. पन्नास वर्षे जाते, पाटा, राख आणि साबण यांत ज्या रेषा झिजल्या त्या यंत्राला कोठून सापडणार? एक बोट, दुसरे बोट, दहाही झाली. आई म्हणाली, ‘‘मी जिवंत आहे हे ह्या यंत्राला कळत नाही, आणि त्या करोनाला मात्र घराचा पत्ता पाठ!’’ शेवटी मधल्या बोटाला तेल लावून, पुसून, ते जमले. नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा पाहून दाखला देण्याची सोय मोबाइलवर झाली आहे. अंगठ्याने अडलेल्यांनी ती जरूर विचारावी.

प्रवासाचे दिवस मात्र लवकर परतले नाहीत. जिल्ह्याबाहेर जाणारी एस.टी. २० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली; पण २०२१ च्या दिवाळीत कर्मचाऱ्यांचा संप झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. ज्याच्या दाराशी मोटार नाही अशा म्हाताऱ्याला साथ आणि संप यांत फरक कळला नाही. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत, बायकांना निम्मी आणि पुरुषांना शेकडा चाळीस, मार्च २०२० मध्ये काढून घेतली. अनेक पॅसेंजर गाड्या पुन्हा धावू लागल्या तेव्हा त्यांचे भाडे एक्स्प्रेसचे झाले होते, आणि ते २०२४ पर्यंत तसेच होते. याउलट एस.टी.ने २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट केला. आमच्या स्टँडवरचा सिमेंटचा बाक त्या आठवड्यात पुन्हा भरला.

आबा तेव्हा त्र्याऐंशीचे. धुतलेले धोतर नेसून ते दौंडच्या गाडीत चढले. कंडक्टरने आधारकार्ड पाहिले आणि म्हणाला, ‘‘आजोबा, तुमचं अर्धं तिकीट.’’ कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९४८. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म कार्डावर १ जानेवारीलाच झालेला असतो. कार्ड काढणाऱ्याने विचारले, यांनी अंदाजे सांगितले, झाले. आबांनी स्वातंत्र्याच्या दिवशी शाळेत वाटलेल्या पेढ्यांची साक्ष काढली. गाडीतल्या दोघा-तिघांनी दुजोरा दिला. कंडक्टर भला होता, पण यंत्रातून तिकीट अर्धेच निघाले. आबांनी पैसे मोजले आणि दौंडपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

कार्ड दुरुस्त करून घेऊ, असे मी सुचवले. ते म्हणाले, ‘‘राहू दे. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.’’ १ जानेवारी २०२३ ला रविवार होता. सकाळी सातला ते स्टँडवर गेले, नगरच्या गाडीत बसले, तेथे एक चहा प्याले आणि तशाच दुसऱ्या गाडीने दुपारी जेवायला परत आले. शून्य रुपयांची दोन्ही तिकिटे त्यांनी आधारकार्डाच्या पाकिटात ठेवली आहेत.