लांब पल्ल्याचे काम

गावात शाळेची खोली बांधायची असो की नाल्यावर बांध घालायचा असो, नारळ फुटतो त्या दिवशी माणसे मावत नाहीत. पंधरवड्याने पाहावे, तर मोजायला हाताची बोटे पुरतात. मास्तरकीत मी अशी कामे पुष्कळ पाहिली. एक-दोन स्वतःच्या हातांनी बिघडवलीही. म्हणून आज मॅरेथॉन शर्यतीविषयी बोलतो. ४२ किलोमीटर, वर १९५ मीटर. आता तुम्ही म्हणाल, बांधाचा आणि पळण्याचा काय संबंध? जरा धीर धरा.

१९५४ च्या ऑगस्टात कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी राष्ट्रकुलातील देशांचे सामने भरले होते. इंग्लंडचा जिम पीटर्स हा त्या वेळचा सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटू. ऊन कडक होते. तरी गडी आपल्या नेहमीच्या जोमानेच पळाला. क्रीडांगणात शिरला तेव्हा दुसरा माणूस पंधरा मिनिटांहून अधिक मागे होता. म्हणजे सावलीत घटकाभर बसून चालत गेला असता, तरी जिंकला असता! पण पायांत काही उरलेच नव्हते. पडला, उठला, पुन्हा पडला. अखेरची रेषा गाठण्याआधीच त्याला उचलून न्यावे लागले. मागून स्कॉटलंडचा जो मॅकगी आला आणि जिंकला. त्या दिवशी सुटले १६, पोचले ६.

उन्हाचा तडाखा तर होताच. पण एरवीही या शर्यतीत एक फसगत असते. माणूस वेगाने पळतो तो मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या साखरेवर. हा साठा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो. सुरुवातीला जोर केला तर त्याआधीच. आणि पहिले दहा किलोमीटर इतके हलके वाटतात, की आपण उधळपट्टी करतो आहोत हे कळतच नाही.

आमच्या बांधाचे तेच झाले. पहिल्या दिवशी हलगी लावून दुपारपर्यंत खोदले. माझ्या तोंडी एकच, “चला, चला!” हातांना फोड आले. दुसऱ्या दिवशी निम्मे आले, आठव्या दिवशी मी आणि चार पोरे. मी लोकांना आळशी म्हणालो. चूक माझी होती.

१२ ऑक्टोबर २०१९ ला ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नात केनियाचा एलिउड किपचोगे हेच अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत धावला. साथीला ४१ धावपटू होते, आळीपाळीने येणारे. त्यामुळे तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही, हे खरे. पण व्यवस्था पाहा. पुढच्या मोटारीतून रस्त्यावर प्रकाशाची रेघ पडत होती. वेग तिने ठरायचा, कोणाच्या हुरुपाने नव्हे. थकायच्या आत साथीदार बदलत. माझ्या मते कामाच्या पुढाऱ्याने हे पाहावेच पाहावे, कारण आपल्याकडे पुढारी म्हणजे सर्वांत पुढे ओरडणारा अशी समजूत आहे.

पुढल्या उन्हाळ्यात आम्ही रीत बदलली. सकाळी साडेसहा ते साडेआठ, बस्स. संध्याकाळीच दोघे जाऊन उद्या खोदायचे तेवढ्याला चुन्याच्या फक्कीची रेघ मारून येत. ती रेघ सर्वांत धिम्या टोळीला झेपेल इतकीच. लवकर आटोपले तरी रेघ ओलांडायची नाही. तरण्या पोरांना हे फार जाचले! पाणी तहान लागण्याआधी फिरवायचे. कुदळवाले आणि घमेलेवाले तासाने अदलाबदल करीत. मी स्वतः शेवटच्या टोळीत उभा राहू लागलो, तेव्हा समजले की तिथल्या दोन फावड्यांचे दांडे मोडके होते. वर्षभर कोणी बोलले नव्हते, कारण मी पुढे होतो.

पहिल्या पावसाला बांध अडीच हात उंच झाला होता. एका बाजूची दगडी पिचिंग तेवढी राहिली होती; ती दिवाळीनंतर केली. हजेरीच्या वहीत अखेरच्या दिवशी ३७ नावे आहेत.