गोल्फ क्लबची पकड

गोल्फच्या फटक्यात खेळाडूचे शरीर आणि क्लब एकाच जागी जोडलेले असतात: दोन हातांच्या पकडीत. चेंडू आणि क्लब यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. त्या क्षणी क्लबच्या फेसचे, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूचे, तोंड जिकडे, बहुतांशी तिकडेच चेंडू निघतो. तीन-चार अंशांची चूक 200 मीटरवर चेंडू झाडीत घालायला पुरते. पकड चुकली की फेस वळतो आणि खेळाडू मात्र दोष स्विंगमध्ये शोधत बसतो. गोल्फपटू बेन होगनने 1957 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात पहिला धडा पकडीचा ठेवला, तो उगाच नव्हे.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर असतो. फेस लक्ष्याच्या दिशेने सरळ ठेवून मगच हात लावायचा. आधी मूठ आवळून नंतर फेस फिरवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. क्लबची मूठ तर्जनीच्या मुळापासून तिरकी जाऊन करंगळीखालच्या मांसल उंचवट्याच्या खाली आली पाहिजे. क्रिकेट खेळलेला माणूस बॅटसारखी ती तळहातात घट्ट धरतो आणि तिथेच फसतो, कारण तळहातात धरलेल्या क्लबमुळे मनगट मोकळे वळत नाही. याची परीक्षा सोपी आहे. बाकीची बोटे सोडून क्लब फक्त वाकवलेली तर्जनी आणि तो उंचवटा यांच्यावर तोलून धरता आला, तर जागा बरोबर. अंगठा मुठीच्या मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे ठेवावा. वरून पाहिल्यावर तर्जनी आणि मधले बोट यांच्या मुळाच्या गाठी दिसाव्यात.

उजवा हात मधले बोट आणि अनामिका यांच्या जोरावर बसतो आणि त्याचा तळवा डाव्या अंगठ्याला झाकतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये होणारी घडी दोन्ही हातांवर हनुवटी आणि उजवा खांदा यांच्या दरम्यान रोखलेली असावी.

दोन हात जोडण्याच्या तीन पद्धती आहेत. उजवी करंगळी डाव्या हातावर टेकवण्याच्या पद्धतीला हॅरी वॉर्डनचे नाव मिळाले. 1896 ते 1914 या काळात त्याने ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली. ही पकड त्याच्याआधी जॉनी लेडले वापरत होता, पण श्रेय वॉर्डनकडे गेले. करंगळी आणि तर्जनी एकमेकींत अडकवण्याची पद्धत जॅक निकलस आणि टायगर वुड्स यांची. दहाही बोटे मुठीवर ठेवण्याची तिसरी पद्धत मुलांना आणि लहान किंवा कमजोर हातांना सोयीची. यांपैकी कोणती निवडावी यावर नवशिके नको तितका काथ्याकूट करतात. डावा हात नीट बसला असेल तर तिन्ही चालतात.

‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’ पकड या शब्दांचा जोराशी संबंध नाही. दोन्ही हात उजवीकडे वळवले की पकड स्ट्राँग होते. मग फटक्याच्या वेळी फेस मिटतो आणि चेंडू डावीकडे वळतो, यालाच हुक म्हणतात. हात डावीकडे वळवले की उलटे होऊन स्लाइस येतो. हुकने हैराण झालेल्या होगनने आपली पकड वीक केली. नवशिक्यांचा त्रास बहुधा स्लाइसचा असतो, त्यामुळे त्यांनी त्याची नक्कल करू नये.

डाव्या हाताची शेवटची तीन बोटे आणि उजव्याची मधली दोन एवढ्यांनीच क्लब धरून ठेवायचा. जास्त आवळल्यास कोपरापर्यंत स्नायू ताठतात आणि क्लबचा वेग घटतो. घामाने किंवा पावसाने मूठ निसरडी झाली की हात आपोआप आवळतात; डाव्या हातातला मोजा त्यासाठीच असतो. झिजलेले रबरी आवरण वेळीच बदलावे. बोटांच्या खाचा पाडलेले आवरण सरावाला ठीक आहे, पण नियमांनुसार स्पर्धेत चालत नाही. पटरची, म्हणजे चेंडू छिद्राकडे ढकलण्याच्या क्लबची, गोष्ट निराळी: तिथे मनगट स्थिर हवे, म्हणून कित्येक जण डावा हात खाली धरतात.

नवी पकड काही आठवडे अवघडल्यासारखी वाटते आणि फटकेही बिघडतात. पुष्कळ जण याच टप्प्यावर जुन्या सवयीकडे परततात. ते टाळण्यासाठी घरीच, चेंडूशिवाय, दिवसातून अनेकदा क्लब धरून सोडण्याचा सराव करावा.

डावखुऱ्यांनी वरचे सगळे उलट वाचावे. मात्र कोणत्या बाजूने खेळायचे हे लिहिण्याच्या हातावरून ठरवायला नको. सहा मेजर स्पर्धा जिंकणारा फिल मिकेल्सन एरवी उजव्या हाताचा आहे, गोल्फ मात्र डावखुरा खेळतो.